घाटात गतिमर्यादा ४० वरून ३० केली तर अपघात कमी होतील का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. कोल्हापूर जिल्ह्यातून कोकणात उतरणाऱ्या एका घाटाच्या माथ्यावर तुमचं गाव आहे. रस्ता नव्याने गुळगुळीत झाला आणि गाड्यांचा वेग वाढला. वळणांवर समोरासमोर धडका होऊ लागल्या, पावसात दुचाकी घसरून गावातली पोरं जखमी झाली. आज घाटभर ४० ची मर्यादा आहे, ती ३० करावी असा ठराव ग्रामसभेत मांडायचा आहे. पण गावातच दोन तट पडलेत. काहींच्या मते ३० चा बोर्ड लागला की प्रश्न मिटला, बाकीचे म्हणतात बोर्ड वाचतंय कोण. ठरावात नेमकं काय लिहावं आणि तो कुणाकडे न्यावा, हे तुम्हाला हवंय.

माझं काम रस्त्यांचंच. आधी बांधणीचं केलं, आता सुरक्षा परीक्षणाचं करतो. आंबा, करूळ, भुईबावडा, फोंडा, आंबोली या आपल्या घाटांची वळणं मी पायी चालून पाहिली आहेत, त्या अनुभवावरून सांगतो. ठराव जरूर करा, पण ‘संपूर्ण घाटात ३०’ असं लिहू नका. तसं लिहिलंत तर बहुधा मंजूर होईल, बोर्डही लागतील आणि वर्षभरात ते कुणाच्या खिजगणतीत राहणार नाहीत. मागणी वळणागणिक करा, उतरणाऱ्या जड वाहनांची वेगळी करा, आणि प्रत्येक आकड्यामागे मोजमाप जोडा. ते कसं, ते पुढे सांगतो.

घाटातला वेग ठरतो तो पुढचं किती दिसतं त्यावर. चालकाला धोका दिसल्यापासून त्याचा पाय ब्रेकवर जाईपर्यंत काही क्षण जातात. रस्त्यांचे मापदंड ठरवणाऱ्या इंडियन रोड्स काँग्रेसच्या संहितेत हा वेळ अडीच सेकंद धरलाय. ४० च्या वेगाने जाणारी गाडी अडीच सेकंदांत जवळजवळ २८ मीटर पुढे जाते, म्हणजे ब्रेक लागण्याआधीच. त्यानंतर प्रत्यक्ष थांबायला लागणारं अंतर आलं. घाटाचा उतार ६ टक्के धरला, म्हणजे १०० मीटरला ६ मीटर, तर उताराला गाडी पूर्ण थांबायला ३० च्या वेगाला साधारण ३१ मीटर लागतात, ४० ला ४७ ते ४८ आणि ५० ला ६६. हे ओल्या रस्त्याचं घर्षण धरून, चांगले टायर आणि चांगले ब्रेक असलेल्या गाडीचं गणित झालं. गुळगुळीत झालेला टायर आणि पावसाची पहिली सर, यात ते वाढतं.

आता हे आकडे घेऊन वळणावर उभे राहा. ज्या वळणावर ३५ मीटरच दिसतं तिथे ४० ची मर्यादा कागदावर कितीही कायदेशीर असली तरी चुकीची आहे, आणि ३० बरोबर आहे. ज्या वळणावर ६० मीटर मोकळं दिसतं तिथे ३० लावलंत तर रोजचा चालक तो आकडा मानणार नाही. एका ठिकाणी न मानण्याची सवय लागली की खऱ्या धोक्याच्या वळणावरचाही ३० तो मानत नाही. घाटभर एकच आकडा लावू नका म्हणतो ते यासाठी.

सगळी वळणं सारखी नसतात, हे घाटात रोज जाणाऱ्यांना ठाऊक असतं, पण ठरावात ते कधी येत नाही. डोंगराच्या सोंडेला वळसा घालणारं वळण आंधळं असतं, कारण आतल्या अंगाला डोंगर आडवा येतो. नाळेत, म्हणजे दोन सोंडांमधल्या घळीत, शिरून मोरीवरून बाहेर पडणाऱ्या वळणावर आतल्या अंगाला दरी असते, त्यामुळे पलीकडच्या कड्यावरून येणारी गाडी लांबूनच दिसते. समोरासमोरची धडक बहुतेक सोंडेवर होते. नाळेतल्या वळणाचं दुखणं वेगळं. तिथे डोंगरातलं पाणी रस्त्यावरून वाहतं, शेवाळ धरतं, मुरूम आणि बारीक खडी वाहून येते, मोरीपाशी रस्ता आखडतो. दुचाकी घसरतात त्या तिथे. पहिल्या ठिकाणी वेग कमी करायला हवाच. दुसऱ्या ठिकाणी गटार साफ केलं आणि पाणी मोरीतून गेलं तर निम्मं काम होतं, नुसत्या बोर्डाने तिथलं शेवाळ जात नाही.

वळण किती तीव्र आहे तेही बघावं लागतं. डोंगरी रस्त्यावर वळणाला बाहेरची कड उचलून जास्तीत जास्त १० टक्के तिरपं करतात, आपल्याकडे साइटवरही त्याला सुपर एलिव्हेशनच म्हणतात. ते पूर्ण दिलेलं असेल तर ३० च्या वेगाला वळणाची त्रिज्या किमान ३० मीटर लागते, ४० ला ५० मीटर, ५० ला ८० मीटर. हेअरपिन, म्हणजे गाडी जवळजवळ उलट फिरवणारं वळण, २० च्याच वेगासाठी आखतात, त्याची आतली त्रिज्या १४ मीटरपर्यंत खाली येते. म्हणजे हेअरपिनवर ३० सुद्धा जास्त आहे, तिथे २० मागा. वरून डांबराचे थर चढत गेले की पुष्कळदा हे तिरपेपण पुसून जातं. तीन मीटरची सरळ फळी रस्त्यावर आडवी धरा आणि गवंड्याची लेव्हल लावून ती समतल करा. १० टक्के असेल तर फळीच्या एका टोकाखाली ३० सेंटिमीटर फट दिसेल. पाच-सात सेंटिमीटरच दिसली, किंवा उतार उलट्याच बाजूला निघाला, तर गाडी दरीकडे का ओढली जाते याचं उत्तर मिळालं. असं वळण दुरुस्त करणं हे खात्याचं काम आहे, मर्यादा कमी करून ते झाकून ठेवू देऊ नका.

गुळगुळीत रस्त्याबद्दल तुम्ही लिहिलंय ते अगदी खरं आहे. करूळ घाट २०२४ मध्ये बंद ठेवून काँक्रीटचा केला, बाकीच्या घाटांतही टप्प्याटप्प्याने कामं होतायत. रस्ता चांगला व्हायलाच हवा होता, खड्ड्यांनी कमी जीव घेतले नाहीत. पण खड्डे होते तेव्हा ते वेगावर लगाम ठेवत होते. पृष्ठभाग नवा झाला तरी वळणाची त्रिज्या बहुतेक ठिकाणी जुनीच राहते, सोंडेवरचा कडा जुनाच राहतो. चालकाला पायाखालचा रस्ता ५० चा वाटतो आणि समोरचं वळण असतं ३० चं. म्हणून काम पूर्ण होईल त्याच महिन्यात नव्या वेगाचं मोजमाप आणि नवे फलक झाले पाहिजेत. ते होत नाहीत, आणि गावाला पहिला अपघात बघावा लागतो.

वेग कसा मोजायचा? त्याला स्पीडगन लागत नाही. वळणाच्या अलीकडे रस्त्याकडेला टेपने ५० मीटर मोजून दोन खुणा करा, चुन्याच्या चालतील. दोघांनी रस्त्याबाहेर, कठड्यामागे किंवा डोंगराकडच्या गटारापलीकडे उभं राहायचं. गाडीचं पुढचं चाक पहिल्या खुणेवर आलं की एकाने हात वर करायचा, दुसऱ्याने मोबाईलवरचं घड्याळ सुरू करायचं आणि दुसऱ्या खुणेवर बंद करायचं. ५० मीटरला ६ सेकंद लागले तर वेग ३०, साडेचार सेकंद लागले तर ४०, आणि ३.६ सेकंद लागले तर ५०. उतरणाऱ्या आणि चढणाऱ्या गाड्या वेगळ्या लिहा, जड गाड्या वेगळ्या लिहा. पुढच्या गाडीमागे अडकून चाललेली गाडी धरू नका, तिचा वेग तिच्या चालकाने ठरवलेला नसतो. प्रत्येक प्रकारच्या शंभरेक गाड्या झाल्या की वेग चढत्या क्रमाने लावा आणि पंचाऐंशीव्या गाडीचा वेग बघा. १०० पैकी ८५ गाड्या त्या वेगाला किंवा त्याखाली चालतात, आणि अभियंत्याला तोच आकडा लागतो. सरासरी द्याच, पण हा आकडा दिलात तर समोरचा माणूस खुर्चीत सरसावून बसतो.

दिसण्याचं अंतर मोजायला तर याहून कमी साहित्य लागतं. एकाने आपल्या लेनच्या मधोमध, डोळा जमिनीपासून १.२ मीटरवर येईल असं वाकून बसायचं, कारण छोट्या गाडीच्या चालकाची नजर त्या उंचीवर असते. दुसऱ्याने १५ सेंटिमीटर उंचीचा एखादा दगड किंवा खोका त्याच लेनमधून पुढे सरकवत न्यायचा. तो दिसेनासा झाला त्या जागेपर्यंतचं अंतर रस्त्याच्या कडेने टेप वळवत मोजायचं. हे काम पहाटे, गाड्या तुरळक असताना आणि वळणाच्या दोन्ही टोकांना लाल झेंडे घेऊन माणसं उभी करूनच करा. पोलीस पाटलांना आधी कळवा. मोजमाप करताना कुणी जखमी झालं तर सगळंच फुकट.

हे मोजलंत की एक गोष्ट लगेच लक्षात येईल. पुष्कळ वळणांवर डोंगराने नजर अडवलेलीच नसते, ती अडवलेली असते घाणेरीच्या जाळीने आणि पावसाळ्यात माणसाएवढ्या वाढलेल्या गवताने. ५० मीटर त्रिज्येच्या वळणावर ४७-४८ मीटर दिसायला हवं असेल तर आतल्या लेनच्या मध्यापासून आतल्या अंगाला सुमारे पावणेसहा मीटर मोकळे लागतात. तीनच मीटर मोकळे असतील तर दिसतं फक्त ३५ मीटर. मधल्या पावणेतीन मीटरमध्ये झुडपं असतील तर दोन मजूर आणि कोयते यांनी ते वळण ३० चं पुन्हा ४० चं होतं. तिथे कडा असेल तर तो रस्त्यापर्यंत खाली कापायची गरज नसते, नजरेच्या उंचीच्या जरा खालपासून वरचा भाग पायरीसारखा मागे घेतला तरी भागतं. मात्र आपल्याकडचा जांभा आणि त्याखालची माती पाहता हे जपून करायचं काम आहे, चुकीच्या जागी पायथा कापला की पुढच्या जुलैत दरड खाली येते. आणि घाटातली बरीचशी जमीन वन खात्याची असते, फोंडा घाटाच्या माथ्याला तर दाजीपूरचं अभयारण्य लागून आहे. त्यामुळे कडा कापण्याची मागणी परवानगीसह, भूवैज्ञानिकाच्या पाहणीसह लिहा. गवत-झुडपांची साफसफाई मात्र देखभालीतच येते, ती दसऱ्याच्या आधी दरवर्षी व्हावी असं ठरावात स्पष्ट लिहा.

आता मधल्या पांढऱ्या पट्ट्याबद्दल. ग्रामसभांच्या ठरावात हा विषय मला जवळजवळ कधीच दिसत नाही, आणि घाटात त्याला तोड नाही. मघाचं ३१ मीटरचं गणित रस्त्यात पडलेल्या दरडीच्या दगडासाठी आहे, दगड आपल्याकडे चालून येत नाही. समोरून गाडी येत असेल आणि ती वळण कापून आपल्या लेनमध्ये शिरली असेल, तर दोघांनाही थांबायचं असतं. म्हणजे दोघेही ३० ने येत असले तरी मिळून ६२ मीटर हवेत. वळणावर ३५ मीटरच दिसत असेल तर प्रत्येकाच्या वाट्याला साडेसतरा येतात, आणि तेवढ्यात थांबायचं तर वेग २० च्याही खाली हवा. म्हणून दोन गाड्या आपापल्या लेनमध्ये राहतील अशी सोय झाली तर ३० पुरतो, ती नसेल तर ३० सुद्धा पुरत नाही. सोंडेवरच्या प्रत्येक वळणावर अखंड मध्यरेषा हवी, तिच्यावर रात्री चमकणारे कॅट आय हवेत, आणि जिथे रुंदी परवानगी देते तिथे वळणावर रस्ता थोडा जास्त रुंद हवा, कारण लांब गाडीचं मागचं चाक नेहमी आत कापतं. एसटीच्या चालकाला विचारा, हेअरपिनवर समोर ट्रक आला की कुणी मागे घ्यायची, हा रोजचा प्रश्न आहे. नियमाने चढणाऱ्या गाडीला आधी जाऊ द्यायचं असतं. वडापवाल्यांना, म्हणजे सीटवर भाडं घेणाऱ्या जीपवाल्यांना, आणि पर्यटकांना हे सांगणारा फलक माथ्यावर आणि पायथ्याला लावून घ्या.

उतरणाऱ्या जड गाड्यांसाठी वेगळी मर्यादा का, ते जरा विस्ताराने सांगतो. तीन आसांच्या मालट्रकचं भरलेलं वजन कायद्याने साडेअठ्ठावीस टनांपर्यंत चालतं. असा ट्रक ५०० मीटर उंची उतरतो तेव्हा जी ऊर्जा मुरवावी लागते ती सुमारे ३९ युनिट विजेइतकी असते. दुसऱ्या शब्दांत, तोच ट्रक ३० च्या वेगावरून सुमारे १४० वेळा पूर्ण थांबवण्याइतकी. यातला काही वाटा इंजिन आणि एक्झॉस्ट ब्रेक घेतं, उरलेला सगळा ब्रेकच्या ड्रमात उष्णता होऊन जातो. लायनर तापले की पकड सुटते, पाय पूर्ण दाबूनही गाडी ओढत राहते. चालक म्हणतो ब्रेक फेल झाला. खरं तर तो चार वळणं आधीच वरच्या गिअरमुळे निकामी होत आलेला असतो. डिझेल वाचवायला न्यूट्रलमध्ये गाडी सोडणारे अजूनही आहेत, त्यांना इंजिनाची काहीच मदत मिळत नाही.

इथे वेगाचा परिणाम फार मोठा आहे. ६ टक्के उताराला हाच ट्रक ३० ने उतरत असेल तर दर सेकंदाला जेवढी उष्णता मुरवावी लागते, २० ने उतरताना तिच्या दोन-तृतीयांशच लागते. कमी वेगात खालचा गिअर टिकतो, इंजिन जास्त वाटा उचलतं आणि ड्रमाला निवायला वेळ मिळतो. म्हणून माझी शिफारस अशी: उतरणाऱ्या जड वाहनांना पूर्ण घाटात २० ते २५ ची मर्यादा, आणि तिचा फलक पहिल्या वळणावर न लावता माथ्यावर, गाडी सपाटीवर उभी असताना चालकाला वाचता येईल अशा जागी. शेजारी गाडी बाजूला घेण्याइतकी पक्की जागा हवी. ‘घाट सुरू, पुढे इतके किलोमीटर उतार, खालचा गिअर टाका, ब्रेक तपासा’ हे मराठी, हिंदी आणि कन्नडमध्ये लिहा, कारण आपल्या घाटात बेळगाव-निपाणीकडूनही ट्रक येतात. गळीत हंगामात रस्त्यावर येणाऱ्या ट्रॅक्टर-ट्रॉल्या घाटाच्या तोंडापर्यंतच्या रस्त्यावर किती धोकादायक असतात ते तुम्ही जाणताच. मागे रिफ्लेक्टर नसलेली उसाची ट्रॉली रात्री समोर येते तेव्हा ४० आणि ३० मधला फरक जीव वाचवतो.

मग नुसत्या बोर्डाचा उपयोग शून्य आहे का? तसं नाही, आणि ‘बोर्ड वाचतंय कोण’ म्हणणाऱ्यांना हे सांगा. निरनिराळ्या देशांतला अनुभव असा की मर्यादा १० ने उतरवली आणि बाकी काहीच केलं नाही, तर प्रत्यक्ष सरासरी वेग दोन ते तीन किलोमीटरनेच उतरतो. पण वेग आणि मृत्यू यांचं नातं सरळ रेषेतलं नसतं. स्वीडनच्या योरान निल्सन यांनी मांडलेलं आणि पुढे जगभर वापरलं गेलेलं सूत्र सांगतं की सरासरी वेग एक टक्का घटला तर प्राणघातक अपघात साधारण चार टक्के घटतात. सरासरी ४४ वरून ४२ वर आली तरी हिशेबाने प्राणघातक अपघात सहाव्या हिश्शाने कमी व्हायला हवेत. प्रत्येक घाटाला हे सूत्र हुबेहूब लागू पडेल असं मी म्हणणार नाही, पण दोन किलोमीटर म्हणजे काहीच नाही हे म्हणणं नक्की चूक. बाकीचे सात-आठ किलोमीटर खाली आणायचे तर रस्त्यानेच ते मागायला हवेत: वळणाच्या बाहेरच्या कडेला बाणांचे पिवळे-काळे फलक, अलीकडे थरथर जाणवणारे आडवे पट्टे, लेन अरुंद भासवणाऱ्या कडेच्या रेषा, दरीकडे धडक झेलणारे लोखंडी कठडे. राष्ट्रीय महामार्गावर उंचवट्याचे गतिरोधक मागू नका, ते तिथे नियमात बसत नाहीत. शिवाय उतारावर अचानक आलेल्या गतिरोधकाने दुचाकीस्वार पडतो.

उलट बाजूनेही एक आक्षेप येईल: मर्यादा कमी केली तर वेळ जातो, रुग्णवाहिकेचं काय? आठ किलोमीटरचा घाट सलग ४० ने १२ मिनिटांत होतो, सलग ३० ने १६ मिनिटांत. पण आपण घाटभर ३० मागतच नाही आहोत. प्रत्येकी दीडशे मीटरची चार आंधळी वळणं ३० ने घेतली तर सगळा मिळून १८ सेकंदांचा फरक पडतो. हे गणित ग्रामसभेत फळ्यावर करून दाखवा, वाद तिथेच थांबेल. मागे रांग लागून लोक भलत्या जागी ओव्हरटेक करतात, हा आक्षेप मात्र खरा आहे. चढणारा भरलेला ट्रक १२-१५ ने चालतो, मागे दहा गाड्या साचतात, मग एकाचा धीर सुटतो. त्यावर उपाय म्हणजे ट्रकला बाजूला घेता येईल अशा जागा, दर किलोमीटरला दोन-तीन. त्याही मागणीत घाला.

पावसाळा वेगळा लिहा. गगनबावड्याकडे जिल्ह्यातला सगळ्यात जास्त पाऊस पडतो, जून ते सप्टेंबर घाटात धुकं इतकं उतरतं की पुढच्या गाडीचे लाल दिवे २० मीटरवर विरघळतात. तिथे बोर्डावरचा ३० निरर्थक आहे, २० सुद्धा जेमतेम पुरतो. ‘धुक्यात २०’ असा स्वतंत्र फलक, दरीच्या कडेला चमकणारे खांब आणि धुकं असताना माथ्यावरच जड गाड्या थांबवण्याचा अधिकार, या तीन गोष्टी मागा.

आता कायदा. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ११२ प्रमाणे रस्त्याचं स्वरूप पाहून कमाल वेग ठरवण्याचा अधिकार राज्य शासनाला किंवा त्याने नेमलेल्या प्राधिकरणाला आहे. त्यासाठी राजपत्रात अधिसूचना लागते आणि कलम ११६ खाली जागेवर फलक लागतो. दोन्ही झालं तरच दंड कायद्याला धरून होतो. ग्रामपंचायतीने स्वतः रंगवून लावलेल्या ३० च्या बोर्डावर कुणाचं चलान टिकणार नाही. एक महिन्याच्या आतल्या तात्पुरत्या मर्यादेला अधिसूचना लागत नाही, दरड साफ करताना किंवा डांबरीकरण चालू असताना हे उपयोगी पडतं. पूर्ण पावसाळ्यासाठी मात्र अधिसूचनाच हवी. जड वाहनांना काही वेळ किंवा काही काळ बंदी घालायची तर ते कलम ११५. केंद्राच्या २०१८ च्या अधिसूचनेने इतर रस्त्यांवर कारला ७० आणि मालवाहू गाड्यांना ६० पर्यंत मुभा दिली आहे, पण राज्याला त्याहून कमी मर्यादा लावता येते, तेव्हा ‘केंद्राचा नियम आहे’ हे उत्तर ऐकून परत येऊ नका. वेग मोडल्याचा दंड २०१९ च्या दुरुस्तीनंतर हलक्या वाहनांना १,००० ते २,००० आणि मध्यम व जड वाहनांना २,००० ते ४,००० रुपये आहे. त्याच दुरुस्तीत कलम १९८अ आलं. रस्त्याच्या रचनेत किंवा देखभालीत ठरलेले निकष पाळले नाहीत आणि त्यातून मृत्यू किंवा अपंगत्व आलं, तर जबाबदार यंत्रणेला आणि ठेकेदारालाही एक लाखापर्यंत दंड होऊ शकतो. पत्रात या कलमाचा एका ओळीत, सभ्य भाषेत उल्लेख करा.

जायचं कुणाकडे? आधी रस्ता कुणाचा ते काढा. रत्नागिरी-कोल्हापूर म्हणजे आंबा घाट राष्ट्रीय महामार्ग १६६ वर आहे, तळेरे-गगनबावडा-कोल्हापूर म्हणजे करूळ घाट १६६ जी वर. बाकीचे काही रस्ते राज्याच्या सार्वजनिक बांधकाम विभागाकडे आहेत. ठराव संबंधित कार्यकारी अभियंत्याला द्या, प्रती पोलीस अधीक्षक, प्रादेशिक परिवहन कार्यालय आणि जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालच्या जिल्हा रस्ता सुरक्षा समितीला. घाट दोन जिल्ह्यांत पसरलेला असेल, आणि आपले बहुतेक घाट तसेच आहेत, तर खालच्या गावाचाही ठराव घ्या आणि त्या जिल्ह्याच्या समितीलाही प्रत द्या. नाहीतर वरच्या अर्ध्या घाटात ३० आणि हद्दीच्या दगडापलीकडे ४० असं होऊन बसतं.

अपघातांची माहिती मागा. पोलीस आता प्रत्येक अपघाताची जागेसह नोंद ई-डार प्रणालीत करतात. केंद्राच्या व्याख्येप्रमाणे महामार्गाच्या सुमारे ५०० मीटरच्या पट्ट्यात तीन वर्षांत मृत्यूचे किंवा गंभीर दुखापतीचे ५ अपघात, किंवा एकूण १० मृत्यू झाले तर तो ब्लॅकस्पॉट ठरतो, आणि त्याच्या दुरुस्तीला स्वतंत्र निधी मिळतो. तुमचं एखादं वळण त्यात बसत असेल तर काम फार सोपं होतं. बसत नसेल तरी गावाची स्वतःची वही ठेवा: तारीख, वेळ, वळण, ओलं की कोरडं, चढती की उतरती गाडी. नोंद न झालेले, परस्पर मिटवलेले अपघात या वहीतच सापडतात, आणि अभियंत्याला धोक्याची जागा दाखवायला तेच जास्त बोलके असतात.

ठरावाचा मजकूर असा करता येईल: ‘किलोमीटर दगड अमुक ते अमुक यांमधल्या सोंडेवरच्या या वळणांवर दिसण्याचं अंतर सोबतच्या तक्त्याप्रमाणे ३५ मीटर व त्याहून कमी भरलं आहे. तिथे कमाल वेग ३०, हेअरपिनवर २०, उतरणाऱ्या जड वाहनांना पूर्ण घाटात २५ करावा. फलकांसोबतच अखंड मध्यरेषा, बाणफलक व झुडपांची साफसफाई व्हावी. हे झाल्यावर त्याच जागी वेग पुन्हा मोजावा.’ खाली तक्ता, सोबत प्रत्येक वळणाचा चालकाच्या उंचीवरून काढलेला फोटो.

संयुक्त पाहणीची तारीख मागताना दोन गोष्टी बघा. ती ऑक्टोबरच्या आधी, गवत उभं असताना ठेवा. गवत वाळून आडवं झाल्यावर साहेब आले तर त्यांना सगळं मोकळंच दिसेल. आणि त्या दिवशी रोज त्या घाटातून एसटी चालवणारा चालक, एखादा ट्रकवाला आणि एक वडापवाला सोबत घ्या. कोणत्या वळणावर आपण आपसूक हॉर्न वाजवतो ते त्यांना विचारून तिथे खडूने खूण करा. ती खूण आणि तुमच्या टेपने काढलेलं आंधळं वळण बहुतेक एकच निघेल.

फलक लागल्यावर महिनाभराने पुन्हा त्याच ५० मीटरच्या खुणांवर गाड्या मोजा, आणि दोन्ही तक्ते शेजारीशेजारी ठेवून समितीच्या पुढच्या बैठकीआधी पाठवा.